नाक म्हणायचं होतं, नात आलं

(दादरच्या एका सभागृहात पालक आणि बालवाडीच्या शिक्षिकांसमोर मुलांचे उच्चार सुधारणाऱ्या एका वाचातज्ज्ञ बाईंनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

लालबागचा एक साडेचार वर्षांचा मुलगा आजीचा हात धरून माझ्याकडे आला होता. सर्दीने बेजार. म्हणाला, "माझं नात गळतंय." मी विचारलं, "तुझं नात गळतंय?" तो चिडला. "नात नाही, नात!" मी म्हटलं, "बरं, नाक गळतंय का?" "हां, नात!" आजीला वाटलं, पोर हट्टी आहे. मला मात्र तेवढ्या बोलण्यात पुढच्या कामाची दिशा सापडली.

जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली अगदी असाच प्रसंग लिहून ठेवलाय. तिथलं मूल 'फिश'ला 'फिस' म्हणायचं. मोठ्या माणसाने 'फिस' म्हटलं की नाही म्हणायचं आणि 'फिश' म्हटलं की मान डोलवायचं. दुसऱ्याच्या तोंडची चूक या मुलांना ऐकू येते, स्वतःच्या तोंडची येत नाही. अशा मुलाला घरचे सगळे "नीट ऐक, नीट ऐक" म्हणून मागे लागतात. अहो, तुमचं बोलणं ते नीटच ऐकतंय! त्याला स्वतःचं बोलणं ऐकायला शिकवायचंय.

पण बोबडं बोलणारं प्रत्येक मूल असं नसतं. काही मुलांसमोर मी खुर्चीचं चित्र ठेवते आणि "खुर्ची", "थुर्ची", "तुर्ची" असं एकेक करून म्हणते. ती तिन्हींना हो म्हणतात. त्या शब्दाचा आवाज त्यांच्या मनात अजून धूसर आहे. या मुलांच्या जिभेवर मेहनत घेण्याआधी कानावर घ्यावी लागते. वेखंड उगाळून जिभेला लावणं, मेणबत्त्या फुंकायला लावणं, यांनी 'ख' येत नाही. हे मी स्पष्टच सांगते, कारण त्यात मुलाची मोलाची वर्षं जातात.

आणि सगळ्यात आधी कानाची तपासणी. "हाक मारली की येतो, मग कान चांगलेच आहेत" हे वाक्य मी रोज ऐकते. सर्दी-पडशाने मधल्या कानात पाणी साचलं तर २० ते ३० डेसिबलपर्यंत ऐकणं कमी होऊ शकतं. हाक तेव्हाही ऐकू येते. 'स', 'फ' यांसारखे हलके आवाज मात्र निसटतात. जन्मल्यावरची तपासणी चांगली आली होती, तरी हे नंतर होऊ शकतं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतही श्रवण तपासणी होते. जवळ असेल तिथे जा, पण जा.

कान किती लवकर घडतो बघा. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडात केलेला अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला 'त' आणि 'ट' वेगळा ओळखत होती. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती ओळख गेली, कारण घरात तो फरक कुणी करतच नव्हतं. आपल्या बाळांना तो घरात रोज मिळतो, म्हणून टिकतो. यावरून शिक्षिकाताईंना एक विनंती. ज्या घरात सगळेच 'पानी' आणि 'साळा' म्हणतात, त्या घरातल्या मुलाचं 'पानी' हा दोष नाही. ती त्याच्या घरची बोली आहे. त्याला माझ्याकडे पाठवू नका आणि वर्गात कुणाला त्याच्यावर हसू तर मुळीच देऊ नका.

आता घरी काय करायचं? चार्ल्स व्हॅन रायपर हे स्वतः तोतरेपणातून गेलेले वाचातज्ज्ञ. १९३९ साली त्यांचा वाचादोष सुधारण्यावरचा ग्रंथ आला. आवाज काढायला लावण्याआधी तो ओळखायला, शोधायला, पुन्हा पुन्हा ऐकायला आणि चूक-बरोबर पारखायला ते शिकवत. ते हे सरसकट सगळ्या मुलांना लावत. आज आपण गरज पाहून लावतो, आणि उच्चाराचा सरावही सोबत ठेवतो. नुसतं ऐकून बोलणं सुधारेल अशी आशा मी कुणाला लावत नाही.

माझा आवडता खेळ परीक्षकाचा. नाक आणि नात, हाक आणि हात, अशी चित्रं समोर मांडायची. आई बोलणार, मूल बोट ठेवणार. मग आईने मुद्दाम चुकायचं: हाताचं चित्र दाखवून "ही माझी हाक." मोठ्यांची चूक पकडण्यात मुलांना जो आनंद होतो, त्याला तोड नाही. पुढे मोबाइलवर मुलाचाच आवाज टेप करून त्याला परीक्षक करायचं. ही पायरी अवघड असते, घाई करू नका.

दुसरं, नुसतं ऐकवणं. बार्बरा हॉडसन आणि एलेन पेडन यांच्या १९८३ च्या पद्धतीत हे आहे: एकाच आवाजाचे शब्द, किंचित मोठ्या आवाजात, मुलाने फक्त ऐकायचे. चाक, नाक, हाक, काक... असे १५-२० शब्द. "म्हण बघू" म्हणायचं नाही. आयांना सगळ्यात कठीण जातं ते हेच, गप्प बसणं.

आणि जागा. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, कुकर, पंखा, बाहेर लोकल. खोली बदलता येत नाही, मला ठाऊक आहे. पण टीव्ही दहा मिनिटं बंद करता येतो, आणि जवळ बसता येतं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. ओरडण्यापेक्षा मांडीवर घेणं बरं.

तो लालबागचा मुलगा सहाव्या आठवड्यात बोलता बोलता अडला. "माझं नात..." थांबला. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "नाक." आजीने पदराने डोळे पुसले. मी आजींना तेव्हाच सांगितलं, घरी अजून 'नात'च ऐकू येईल. तसंच झालं. घरी 'नाक' यायला पुढे चार महिने लागले.