डुबेची सकाळची गाडी

(रुळांचा खडखडाट. पडद्यावर अंधार.)

सोमवारची सकाळ. तिसऱ्या वर्गाचा डबा, पाय ठेवायला जागा नाही. वर्णभेदाच्या काळातली दक्षिण आफ्रिका. सोवेटो या शहराबाहेरच्या वस्तीतली ही कृष्णवर्णीय माणसं कामाला जोहान्सबर्गला निघालीयत. राबायचं गोऱ्यांच्या शहरात आणि झोपायला शहराबाहेर, असा सरकारचा हुकूमच होता.

डब्यात एक त्सोत्सी, म्हणजे तिथला गल्लीतला गुंड, एका मुलीच्या वाटेला जातो. तिच्यावर हात टाकतो. आजूबाजूचे खाली बघतात.

ही कॅन थेम्बा यांची ‘द डुबे ट्रेन’ ही कथा. डुबे म्हणजे सोवेटोतलाच एक भाग. थेम्बा तिथल्या ‘ड्रम’ मासिकाचे पत्रकार. १९५३ साली त्याच मासिकाची पहिली कथास्पर्धा जिंकून पुढे आलेले.

पहिल्यांदा तोंड उघडते ती एक बाई. त्या गुंड पोराला बाजूला ठेवून ती पुरुषांनाच फैलावर घेते: आत्ता इथे चालवून घेताय, रात्री तुमच्या घरातही घ्याल! पुरुष गप्प. गोष्ट सांगणाराही गप्प. तो स्वतःला त्या गर्दीतून वगळत नाही, आणि मला तरी ही कथा सगळ्यात जास्त तिथेच बोचते.

(जुनी छायाचित्रं: पासबुक तपासणारे पोलिस.)

गप्प का? सुऱ्याची भीती तर होतीच. पण बोलावणार कुणाला? १९५२ च्या कायद्यानं सोळा वर्षांवरच्या आफ्रिकी माणसाला पासबुक, म्हणजे जवळ बाळगायची ओळख-परवान्याची पुस्तिका, सक्तीचं केलं. गंमत म्हणजे त्या कायद्याच्या नावातच ‘पास रद्द’ करण्याची भाषा होती! लोक त्या पुस्तकाला ‘डोमपास’ म्हणत, मठ्ठ पास. पोलिस दिसला की मदतीआधी खिसा चाचपायचा.

(गाडीचा वेग वाढतो.)

शेवटी समोर बसलेला एक धिप्पाड माणूस त्या पोराला शिवी हासडतो. सुरा निघतो, त्याच्या अंगात घुसतो. तशा जखमी अवस्थेत तो पोराला उचलतो आणि धावत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर भिरकावून देतो.

आणि इतका वेळ मान खाली घातलेला डबा? तो हा प्रसंग चवीनं चघळू लागतो. रोजच्या गाडीतला आणखी एक किस्सा.

थेम्बा पुढे शेजारच्या स्वाझीलँडला (आजचा एस्वातिनी) गेले. १९६६ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं त्यांच्यावर बंदी घातली. त्यांच्याच देशात त्यांचं वाक्य छापणं गुन्हा ठरला. १९६७ मध्ये ते वारले. कथासंग्रह निघाला १९७२ साली, लंडनहून.

(स्टेशन येतं. गाडी थांबायच्या आधीच दाराशी रेटारेटी.)