बिजली बसली का?

(पहाट. पाचपावलीतली एक गल्ली, रस्त्यावरचे दिवे अजून चालू. टिनाच्या शेडचा दरवाजा करकरतो.)

पावणेपाच वाजलेत. मे महिन्यात नागपुरात जे काही करायचं ते सात-साडेसातच्या आत, नाहीतर दिवे लागल्यावर. मधला सगळा वेळ उन्हाचा.

काकांच्या हातात झाडू आहे, पण ते झाडत नाहीत. आधी वाकून गव्हाणीखाली बघतात. तिथे चाऱ्याचे ओले, चघळून टाकलेले गोळे पडलेत, लिंबाएवढे. काका एक उचलतात, बोटांत दाबून बघतात, बाजूला ठेवतात. मग दुसरा. मग तिसरा.

"नऊ. काल सहा होते," ते म्हणतात. "म्हणजे चारा जाडा कापला गेला काल. पोट्ट्याले सांगून राहिलो, बारीक काप, बारीक काप."

गोळे जिने टाकले ती बिजली मागे उभी आहे. पांढरी घोडी, वय चोवीसच्या आसपास. वीस वर्षांपूर्वी काकांनी तिला सारंगखेड्याहून आणली. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेव्हा ती पांढरी नव्हती, धुरकट राखाडी होती. असे घोडे वयाबरोबर पांढरे होत जातात, आणि लग्नाला घोडी पांढरीच लागते. म्हणजे बिजलीची किंमत जसजशी वाढत गेली तसतशी ती म्हातारीही होत गेली. गेली पाच वर्षं ती वरातीला जात नाही.

काका-काकूंचं नाव आम्ही सांगणार नाही. काकांचीच अट. "नाव सांगाल तर लोक आपापली म्हातारी घोडी आणून इथं बांधतीन."

(बिजलीचं तोंड, जवळून. काकांचा अंगठा तिचा वरचा ओठ उचलतो.)

घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चावून चावून साधारण तेवढेच झिजतात. हा साठा कधीतरी संपतोच. वरच्या जबड्यात, पुढच्या दातांच्या अगदी कडेचा दात बघा. त्यावर एक उभी, तपकिरी खाच असते. दहाव्या वर्षाच्या सुमारास ती हिरडीजवळ दिसू लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी टोकापर्यंत. त्यानंतर ती हिरडीकडूनच पुसायला लागते. बिजलीची पुसत चालली आहे. घोडा विकणारा वय काहीही सांगो, ही खाच थोडंफार खरं बोलते.

दाढांचा त्रास वेगळा. घोडा आडवा चावतो, जातं फिरल्यासारखा. वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद. म्हणून वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्यांच्या आतल्या कडा झिजायच्या राहतात आणि त्यांना धार येते. गाल सोलतो, जीभ कापते. डॉक्टर येऊन कानस मारतात. लोखंडाला मारतो तशीच कानस, फक्त लांब दांड्याची. आवाजही तसाच येतो, आणि तो ऐकताना आपले दात आंबतात. पण या वयात दाढांना घासण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, तेव्हा बदलायचं ते खाणं.

त्यामुळे बिजलीचं जेवण आता हॉस्पिटलातल्या पेशंटचं आहे. कडबा कुट्टी बारीक, रात्रभर पाण्यात. गव्हाचा चोकर, शिजवलेले थोडे चणे, मीठ. सगळं कालवून पातळसर, आणि दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. एकदम पुढ्यात टाकलं की ती घाईने गिळते. घोड्याच्या तोंडाला लाळ सुटते ती चावतानाच. चावणं अर्धवट, तर लाळही अर्धवट, आणि कोरडा घास घशाखाली जाऊन अडकतो. घोड्याला ओकता येत नाही. मागच्या दिवाळीत एकदा तिच्या नाकपुड्यांतून चारा येऊ लागला तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले, संपली. श्वासनलिका मोकळी होती म्हणून डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळाला. तेव्हापासून काका गोळे मोजतात.

(दुसरा आवाज. फरशीवर टक, टक, टक.)

मांजर येताना कधी ऐकू येतं का? ही येते. चिंगी, वय सोळा. म्हाताऱ्या मांजराची नखं जाड होतात, पंज्यात पूर्ण ओढली जात नाहीत. शिवाय खांबावर ओरबाडून ती झिजवायचा उत्साहही राहत नाही. तशीच सोडली तर वळून तळव्यात घुसतात. काकू दर पंधरा दिवसांनी चिंगीला मांडीवर घेतात, जुन्या लुगड्यात गुंडाळतात आणि नखांची फक्त टोकं कापतात. आतली गुलाबी रेष सोडून.

"ये वं चिंगे. ये माय." चिंगी येत नाही. तिला ऐकू येत नाही आता. काकू पायाने फरशीवर हलकेच थाप मारतात. धक्का पोचतो, मग ती वळून बघते.

चिंगी खरं तर शेडची नोकर. चण्याच्या पोत्यांना उंदीर लागायचे म्हणून पाळलेली. हिवाळ्यात ती गव्हाणीवर उडी मारायची, तिथून बिजलीच्या पाठीवर, आणि तिथेच झोपायची. उंदीर आता तिच्या समोरून, दुपारच्या उजेडात, चणा तोंडात धरून जातात. एकाचं शूटिंग आमच्याकडे आहे. त्याने कॅमेऱ्याकडेही पाहिलं.

उडी कधी थांबली हे काकूंना सांगता येत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही इथलंच. जनावर आजारी पडलं तर कुठे न्यायचं, हा प्रश्न आपल्याला तसा पडत नाही. ते आजारी आहे हे कळायचं कसं, हा पडतो. मांजर कण्हत नाही. लंगडतही क्वचितच, कारण दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असतात. ते फक्त एकेक गोष्ट सोडून देतं. आधी उंच भिंत सोडते, मग गव्हाण, मग पाठ चाटून साफ करणं. आपण म्हणतो, शहाणी झाली, आता दंगा करत नाही.

काकूंनी गव्हाणीपाशी संत्र्याची लाकडी पेटी पालथी घातली आहे, पायरी म्हणून. चिंगी पेटीवर चढते, थांबते, विचार करते, मग वर जाते. बिजलीच्या पाठीपर्यंत मात्र नाही.

(पसरट घमेलं, त्यात रेती.)

हे चिंगीचं संडास. काठ बुटका, म्हणजे पाय उचलावा लागत नाही. काकू खुरपीने रेती चाळतात आणि मुताने ओला झालेला गोळा बाहेर काढतात.

"आधी पुरीएवढा राहे. मग भाकरीएवढा व्हायला लागला. म्हटलं, एवढं पाणी ही पेते कुठून?"

भाकरीवरून किडनीचा आजार ओळखणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. पण अनुमान अगदी बरोबर होतं. मांजराची किडनी थकली की तिला लघवी दाट करता येत नाही. पाणी नुसतं वाहून जातं. मांजर जास्त पितं, तरी आतून कोरडंच राहतं आणि वजन उतरत जातं. त्यात नागपूरचा मे. म्हणून घरात पाच ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यांत पाणी आहे, आणि दर तिसऱ्या दिवशी सलाईन.

सलाईन काकू स्वतः देतात. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, म्हणजे गार लागत नाही. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत वर ओढायची, तंबू होतो. सुई त्या तंबूत. शंभर मिलिलीटर. चिंगीच्या एका खांद्यावर उंटासारखं टेंगूळ येतं, कधी ते घरंगळत पायाकडे जातं, आणि काही तासांत जिरून जातं. झालं की काकू स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितात: चि. १००. एकदा पाहुण्यांनी विचारलं, हे कोण चिरंजीव?

खाण्यात उकडलेल्या कोंबडीचं पाणी, बिनमिठाचं. कांदा-लसूण नाही, कारण त्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शेजारच्या आजींना वाटलं, मांजर माळकरी झालं. फरशीला फिनाईलही बंद, नुसतं पाणी. आपलं यकृत जी रसायनं सहज निकामी करतं, त्यातली कितीतरी मांजराच्या यकृताला जमत नाहीत. फिनाईल त्यातलंच. आणि पॅरासिटामॉल. हे मला फार महागात कळलं. आमच्याच घरी, मी कॉलेजात असताना, अंग गरम लागतंय म्हणून मांजराला अर्धी गोळी दिली. मीच दिली. संध्याकाळी तिच्या हिरड्या चॉकलेटी झाल्या होत्या. पुढचं सांगत नाही. मांजराला अर्धीही नाही, पावही नाही.

(दुपार. गल्लीत कुणी नाही. कूलरची घरघर.)

पारा ४५. शेडला दोन कूलर लावलेत आणि समोरची जाळी उघडी आहे. कूलर लावून खोली बंद करू नये, हे नागपूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. घोडा मुख्यतः घामावर गार होतो, आणि कोंडलेल्या ओलसर हवेत घाम वाळत नाही. बिजली दिवसाला पंधरा लिटरच्या तीन बादल्या पिते. बादली कमी झाली की काका मिठाचा खडा तिच्या ओठाला लावतात.

बारा वाजता पाइपने गार पाणी. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर तो आखडतो, असं जुने लोक सांगत. काकांच्या वडिलांचंही तेच होतं. आता डॉक्टर सांगतात, बिनधास्त टाका, सगळ्या अंगावर टाका. काका टाकतात, पण आधी पायावर, मग मांडीवर, मग वर. वडिलांचंही थोडं राखायला हवं.

ही घोडी कमवत नाही आणि खाते मात्र कमावत्या घोडीएवढंच. मी विचारलं. काकांनी उत्तर द्यायच्या आधी कूलरमध्ये पाणी घातलं.

"विकली असती. मांगच्या दोन विकल्या ना मी. विकलेलं घोडं कुठं जाते, ते मले मालूम हाये. वीटभट्टीवर."

मग पुन्हा पाणी घालायला गेले. टाकी भरलेली होती.

(संध्याकाळ. बिजलीचे पुढचे पाय, जवळून.)

घोट्यांच्या समोरच्या बाजूला, दोन्ही पायांवर, रुपयाएवढी खपली दिसते. काकांना वाटायचं दगड लागला असेल. मलम लावलं, बरी झाली, पुन्हा आली. मार्चमध्ये डॉक्टर खूर बघायला आले तेव्हा त्यांचं लक्ष गेलं.

"रात्री बसते का घोडी?"

"नाही साहेब," काका जरा अभिमानानेच म्हणाले. "रातभर उभी. कधीच बसत नाही."

"मग पडत असेल."

या धंद्यात 'घोडं बसलं' म्हणजे संपलं. पोटात दुखलं की बसतं, पाय गेले की बसतं. उभी घोडी चांगली घोडी. काका चाळीस वर्षं याच हिशेबाने चाललेले. घोडा उभ्याने झोपतो हे खरंच आहे. मागचा गुडघा कुलूप लावल्यासारखा अडकवून, फारशी ताकद न लावता तो डुलकी काढतो. पण गाढ झोप, जिच्यात सगळे स्नायू सैल सुटतात, ती त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. फार नाही लागत, रोज अर्धा-पाऊण तास. सांधे दुखणारी घोडी तेवढंही बसायला भिते, कारण बसलं की उठावं लागतं. ती दिवसेंदिवस उभीच राहते. मग उभ्या उभ्याच झोप गाठते, पुढचे पाय दुमडतात, घोटे फरशीवर आपटतात आणि ती दचकून जागी होते. खपली त्याची होती.

काका त्या दिवशी जेवले नाहीत, असं काकूंनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अर्धा ब्रास रेती आली. शेडचा मागचा कोपरा फरशी उखडून मोकळा केला, तिथे हातभर जाडीचा थर. सांधेदुखीचं औषध सुरू झालं. खूर कापताना पाय वर ओढणं बंद, चारी पाय एका दिवशी करणंही बंद. आज दोन, आठवड्याने दोन. आणि रोज सकाळी काकूंचा एकच प्रश्न, चहा गाळता गाळता: "अहो, बसली का?"

उत्तर मिळायचं नाही. दार वाजलं की बिजली उभी. अंगाला रेती कधी लागलेली, कधी नाही. रेती तर चिंगी पण उडवते.

म्हणून मग आम्ही रात्री एक कॅमेरा तिथे सोडून आलो.

(रात्रीचं चित्रण, करडं. कोपऱ्यात वेळ दिसते.)

११:३२. बाहेरून वरात चालली आहे. डीजेने टिन थरथरतंय. बिजली कान मागे पाडून उभी. चिंगी गव्हाणीवर गाढ.

१:१०. काहीच नाही. एक उंदीर.

२:३८. बिजली रेतीवर येते. मान खाली घालून वास घेते. एक फेरी मारते, थांबते, दुसरी फेरी. पुढचे गुडघे दुमडते आणि तशीच सरळ होते. पुन्हा दुमडते. मग सगळं धूड एकदम खाली येतं, माइकमध्ये धप्प आवाज आहे.

२:४६. मान रेतीवर टेकली. ओठ हलतायत. मागचा पाय झटके देतोय.

३:०२. उठते. पहिल्या प्रयत्नात जमत नाही, कुत्र्यासारखी बसून राहते थोडा वेळ. दुसऱ्या प्रयत्नात उठते आणि अंग झाडते.

सकाळी काकांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी पूर्ण बघितलं, मागे नेऊन धप्प आवाज पुन्हा ऐकला. काकू त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या.

"किती वेळ होती खाली?"

"बावीस मिनिटं," मी म्हटलं. "उठायचा वेळ धरून चोवीस."

काका स्वयंपाकघरात गेले. कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात दूध एक लिटर होतं, त्याखाली चि. १००. त्याखाली त्यांनी लिहिलं: बि. २२. मग झाडू घेऊन गव्हाणीखाली वाकले.

"सात," आतून आवाज आला.