भोंग्याचा नाद

(नागपुरात विज्ञानप्रेमींच्या एका बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, ‘नाद’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि माझ्या बाबतीत ते दोन्ही खरे आहेत. कोणाला गाण्याचा नाद असतो, कोणाला पत्त्यांचा. मला भोंग्यांचा आहे. नोकरीत माझी तीस वर्षे मोटारी आणि पंपांच्या देखभालीत गेली. परंतु रविवारी सकाळी मी कोठे सापडेन असे घरच्यांना विचारले, तर ते एकतर इतवारीतल्या कबाड्यांकडे बोट दाखवतील किंवा आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीकडे. त्या खोलीत आज चार भोंगे आहेत, त्यांपैकी तीन वाजू शकतात, आणि एकही वाजवला जात नाही. हे मी गमतीने म्हणत नाही. त्याचे कारण सांगावे, एवढ्याचसाठी मी आज बोलायला उभा आहे.

माझे बालपण गांधीसागर तलावाजवळच्या एका वाड्यात गेले. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली एम्प्रेस मिल तेथून जवळच होती. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. वाड्यातले निम्मे पुरुष मिलमध्ये कामाला होते आणि उरलेल्यांचे दिवसही मिलच्या भोंग्यावरच चालत. आमच्या आजीने आयुष्यात घड्याळ बांधले नाही. “भोंगा झाला नं, अन् तुही अजून कणीक नाही भिजली?” असे ती माझ्या आईला विचारी, तेव्हा त्यात भोंग्याची वेळ चुकली असेल ही शंका कोठेही नसे. मला मात्र वेळेशी कर्तव्य नव्हते. तो आवाज कोठून निघतो, कोण काढतो आणि संपताना तो असा खाली का उतरतो, हे मला हवे होते.

त्या वयात मी एक गोष्ट टिपली होती, तिचा उलगडा फार पुढे झाला. डिसेंबरच्या पहाटे भोंगा इतका जवळ वाटे की जणू वाड्याच्या ओसरीवरच वाजतो आहे. मेमधल्या दुपारी तोच भोंगा दूर कोणीतरी रजईखाली तोंड घालून ओरडावे तसा ऐकू येई. आजीचे म्हणणे, उन्हाने त्याचाही घसा सुकतो. खरे कारण हवेत आहे. आवाज गरम हवेतून अधिक वेगाने जातो. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असते, त्यामुळे ध्वनीच्या लाटा वरून वाकून पुन्हा खाली येतात आणि दूरवर पोहोचतात. नागपूरच्या उन्हाळ्यात जमीन तापून हवेची उतरंड उलटी होते, लाटा वर वळतात आणि काही अंतरावर आवाजाची चक्क सावली पडते. इशाऱ्याचे भोंगे उंच खांबावर किंवा गच्चीवर का बसवतात, याचे एक कारण यातच आहे.

येथे एक भेद सांगायला हवा, कारण आपण दोन वेगळ्या यंत्रांना भोंगा हे एकच नाव दिले आहे. वाफेवर चालणाऱ्या गिरणीचा भोंगा ही खरे तर शिट्टी. बासरीत फुंकरीने जे होते तेच तेथे वाफेने होते. सायरन हे वेगळेच प्रकरण आहे. त्यात हवा फुंकली जात नाही, कापली जाते. आत भोकांचे एक चक्र फिरते, त्याला रोटर म्हणतात. त्याभोवती तशाच भोकांचे स्थिर कडे असते, तो स्टेटर. भोकासमोर भोक आले की हवा बाहेर पडते, सरकले की अडते, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा झाले की त्या तुकड्यांचा सूर होतो. १८१९ साली कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकाने असे यंत्र केले, ते कोणाला सावध करण्यासाठी नव्हे, तर सुराची कंपनसंख्या मोजण्यासाठी. ते पाण्याखालीही वाजत असे, म्हणून त्याने ग्रीक पुराणातल्या, खलाशांना भुलवणाऱ्या गायिकांचे नाव त्याला दिले. ज्यांच्या आवाजाकडे जाऊ नये त्यांचे नाव धोक्याच्या यंत्राला चिकटले, हा योगायोग मला अजून गंमतशीर वाटतो.

हिशेब सोपा आहे. भोकांची संख्या गुणिले सेकंदातले फेरे, म्हणजे कंपनसंख्या. आपल्याकडे पन्नास हर्ट्झच्या विजेवर भोंग्याची मोटार मिनिटाला साधारण २,८५० फेरे घेते. दहा भोकांचे चक्र असेल तर ४७५ कंपने, बारा भोकांचे असेल तर ५७०. कित्येक भोंग्यांत ही दोन्ही चक्रे एकाच दांड्यावर बसवलेली असतात, आणि बाराला दहाने भागले तर सहास पाच हे प्रमाण मिळते. गाणाऱ्यांना मी ते सांगायला नको: तो षड्जावरचा कोमल गंधार, म्हणजे ‘सा’सोबत वाजणारा उदास ‘ग’. युद्धाच्या आठवणींत ज्या आवाजाला रडका, काळीज चिरणारा म्हटले जाते, त्या रडण्याचा मोठा भाग एवढाच आहे. आणखी एक मौज अशी की अमेरिकेत वीज साठ हर्ट्झची असल्याने तेच यंत्र तेथे जवळजवळ आणखी एका कोमल गंधाराने चढे वाजते. छंद म्हणून भोंग्यांची ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्या आम्हा लोकांना त्यामुळे डोळे मिटूनही भोंगा कोणत्या खंडातला ते पुष्कळदा ओळखता येते.

चढउताराचे रहस्य तर त्याहून साधे. यंत्र रडत नाही. बटणावर कोणाचा तरी अंगठा असतो. वीज दिली की जड रोटर हळूहळू वेग घेतो आणि सूर चढतो, वीज तोडली की तो आपल्या वजनाने फिरत राहून मंदावतो आणि सूर उतरतो. संपताना तो खाली का येतो, या माझ्या लहानपणच्या प्रश्नाचे सायरनपुरते उत्तर एवढेच, आणि ते मला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी मिळाले.

परंतु मला खरी ओढ लावली ती मिलने नव्हे, ३० जानेवारीने. हुतात्मा दिनी सकाळी १० वाजून ५९ मिनिटांनी मिनिटभर भोंगा, अकराला दोन मिनिटे मौन, आणि ११ वाजून २ मिनिटांनी पुन्हा मिनिटभर भोंगा, असा सरकारी शिरस्ता आहे. आम्ही तिसरीत असताना गुरुजींनी बजावले होते की ज्याने जेथे असेल तेथे खिळून उभे राहायचे. भोंगा सुरू झाला आणि मी आवाजाच्या दिशेने धावत सुटलो. फाटकापाशी मौन सुरू झाले. रस्त्यावर एक सायकलवाला एक पाय जमिनीवर टेकवून थांबला होता, त्याच्या हँडलला लटकलेल्या दुधाच्या बरणीचे झाकण अजून हलत होते. एका आवाजाने अख्खा रस्ता थांबतो, हे मी प्रथम पाहिले. छडी मिळाली, ती रास्तच होती.

पहिला भोंगा मी नोकरी लागल्यावर लोहाओळीत, म्हणजे लोखंडाच्या बाजारात, वजनावर घेतला. हाताने फिरवायचा, तीन पायांचा, रोटर बिडाचा नव्हे तर अॅल्युमिनियमचा. आतले ग्रीस वाळून लाखेसारखे झाले होते आणि स्टेटरच्या भोकांत कुंभारमाशीने मातीची घरे केली होती. रोटर आणि स्टेटर यांच्यात कागदाच्या एक-दोन जाड घड्या जातील एवढीच फट असते. ती चहूकडून सारखी झाली नाही तर चक्र घासते आणि सुराऐवजी किंचाळी निघते. ते जुळवायला मला चार महिने लागले. दांड्याच्या एका फेऱ्यात रोटरचे चाळीस फेरे होतात, हे मी खडूची खूण करून मोजले.

मग एका संध्याकाळी तो गच्चीवर नेऊन मी जीव खाऊन फिरवला. चढव, सोड, पुन्हा चढव. लहानपणापासून मनात असलेला तो चढउतार मी पहिल्यांदा माझ्या हाताने काढत होतो. समोरच्या घरातले दिवे एकाएकी गेले. मला वाटले, वीज गेली असेल. थोड्या वेळाने तेथून हाक आली, तेव्हा कळले की तेथे राहणारे निवृत्त सैनिक, ज्यांनी १९७१चे युद्ध सीमेवर पाहिले होते, त्यांनी मेन स्विच पाडून नातवंडांना जिन्याखाली बसवले होते. मी धावत गेलो, हात जोडले. ते रागावले नाहीत. अंधारातच म्हणाले, “आता ऑल क्लिअर दे, म्हणजे पोरं बाहेर येतील.”

ऑल क्लिअर, अर्थात धोका टळल्याची खूण, म्हणजे दोन मिनिटे सरळ, न हलणारा सूर. हवाई हल्ल्याच्या धोक्याचा इशारा म्हणजे दोन मिनिटे चढउतार. आपल्या नागरी संरक्षणाच्या शिकवणीत हा भेद आहे, आणि तो शिकवणारी संस्था १९५७ साली आपल्याच नागपुरात सुरू झाली; तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. हाताने चढउतार काढणे सोपे असते. दोन मिनिटे एकाच वेगाने दांडा फिरवणे किती अवघड असते, ते मला त्या संध्याकाळी समजले. सव्वा मिनिटाला खांदा भरून आला, सूर घसरू लागला, आणि समोरच्या अंधारात कोणीतरी तो घसरणारा सूर नीट कान देऊन ऐकते आहे, हे ठाऊक असताना मी तो सावरत होतो. दोन मिनिटे पुरी झाल्यावर समोर दिवा लागला.

तेव्हापासून माझ्या छंदाची दिशा बदलली. भोंग्याच्या आवाजात अर्थ नसतो. तो ऐकणाऱ्यांनी आधी ठरवून जपलेला असतो, आणि वापर चुकला की तो झिजतो. ८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाई बेटांवरच्या लाहायना गावात वणवा शिरला तेव्हा तेथले भोंगे वाजवलेच गेले नाहीत. अधिकाऱ्यांचे स्पष्टीकरण असे होते की तेथे भोंगा म्हणजे त्सुनामी, लोक डोंगराकडे पळाले असते, आणि आग डोंगराकडूनच येत होती. शंभराच्या आसपास माणसे गेली. तो निर्णय मला पटत नाही, पण त्यामागची अडचण खोटी नव्हती: एका आवाजाला एकच अर्थ शिकवला गेला होता. उलट बाजूने पाहा. मे २०२५ मध्ये देशभर २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाच्या सरावाचे भोंगे वाजले आणि त्यानंतरच्या दिवसांत वृत्तवाहिन्यांनी तोच आवाज बातम्यांमागे इतका वाजवला की अखेर तो वापरू नका, असे सरकारला सांगावे लागले. दहाव्यांदा ऐकलेल्या भोंग्याला कोण उठतो? नेदरलँड्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला भोंगे वाजवून पाहतात, ते बरोबर आहे. कारण तेथे दिवस आणि वेळ हाच अर्थाचा भाग आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने तर २०२२ पासून भोंग्याला अगदी नवा अर्थ दिला: संध्याकाळी सातला वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला वाजला की मोकळे. आजीला हे फार आवडले असते.

मी आता काय करतो, तर ऐकतो आणि दुरुस्त करतो. उमरेडकडच्या उघड्या खाणींत सुरुंगापूर्वी वाजणारे भोंगे मी रस्त्यावर उभा राहून वहीत नोंदले आहेत. वाऱ्याची दिशा, तापमान आणि ऐकू आलेला सूर, एवढेच. कोणाच्या कारखान्यातला गंजलेला भोंगा उतरवायचा असला तर मला बोलावतात. मजुरी घेत नाही, जुने बेअरिंग मात्र मागून घेतो.

टेबलावर ठेवलेला हाच तो लोहाओळीतला भोंगा. ज्यांना रोटर आणि स्टेटरमधली फट पाहायची आहे त्यांनी पुढे यावे, बोट लावून पाहायलाही हरकत नाही. फिरवून दाखवा असे कृपया म्हणू नये. शेजारीच रुग्णालय आहे आणि कायद्याने त्याच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येते. शिवाय दांडा मी घरीच काढून ठेवून आलो आहे.