मागच्या वर्षीची वही कुठे आहे?

(पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी आत येताना पाहिलं, पोर्चमध्ये टेबलं मांडलीत. एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, नाट्यमंडळ, वाङ्मय मंडळ, निसर्ग मंडळ. एका टेबलामागे तर नुसतीच दोन कंटाळलेली मुलं बसली होती. प्रत्येक जण तुम्हाला सांगणार की आमच्याकडे या, व्यक्तिमत्त्व घडेल. घडेलही. मी काही वर्षं एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो, म्हणून मला त्या टेबलांच्या मागच्या बाजूबद्दल बोलायचंय.

गल्लीतल्या गणेश मंडळाचा खजिनदार वीस-वीस वर्षं तोच असतो. कॉलेजच्या मंडळाला ते सुख नाही. इथे पहिलं वर्ष सगळं समजून घेण्यात जातं, दुसरं काम करण्यात, तिसऱ्यात परीक्षा आणि प्लेसमेंट. ज्याला काम जमायला लागतं, तो पुढच्या जूनमध्ये इथे नसतोच. त्यामुळे दर वर्षी मंडळ जवळजवळ शून्यापासून उभं राहतं आणि आपण मात्र फलकावर 'वर्ष पंचविसावे' असं रंगवतो.

एनएसएसचंच घ्या. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 ला, ही योजना 37 विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हा स्वयंसेवक होते 40,000. आज नाव घालाल तर वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. शिबिरात बऱ्याच ठिकाणी वनराई बंधारा होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या. पाणी अडतं, आसपासच्या विहिरींना थोडा आधार मिळतो. पुढच्या पावसाळ्यात बंधारा वाहून जातो. त्यात वाईट काही नाही, तो असतोच तात्पुरता. पण पुढच्या बॅचला तो पुन्हा घालायचा असतो, आणि तेव्हा गंमत सुरू होते. गोण्या कुठून आणल्या होत्या? फावडी कोणाकडे मागायची? ओढ्याची नेमकी कोणती जागा? कोणालाच ठाऊक नाही. सातातले दोन दिवस विचारपूस करण्यातच जातात. गावातली म्हातारी माणसं मिश्किलपणे विचारतात, "गेल्या सालची पोरं कुठं गेली?" त्यांना गेल्या सालची पोरं नावानिशी आठवतात. आपल्याला आठवत नाहीत.

आता दुसरं टोक. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' ही पोरांची घोषणा ऐकली नसेल तर एकदा जाऊन ऐका, कान दुखतील पण जा. तिथे पास झालेली मुलंसुद्धा तालमीला येऊन बसतात. प्रकाशयोजना कशी करायची, नेपथ्य कमी पैशांत कसं उभारायचं, हे वहीत नसतं, ते माणसाकडून माणसाकडे जातं. याचीही एक कटकट आहे. सीनियर येतात ते शिकवायला की हुकूम सोडायला, हे तुम्हाला आठवड्याभरात कळेल. दुसरं असेल तर मुकाट्याने बाहेर पडा, तालमी इतरत्रही होतात. परंपरा आहे म्हणून नाटक आपोआप चांगलं होतं असंही नाही. 2022 मध्ये परीक्षकांनी पुण्यात करंडक कुणालाच दिला नाही. बरीच ओरड झाली. मला तो निर्णय आवडला.

कॉलेजातल्या विद्यार्थी निवडणुकांबद्दल तुमच्यातले काही विचारतीलच. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानंतर आपल्याकडे गुणांवर वर्ग प्रतिनिधी ठरू लागले. 2016 च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली, पण प्रत्यक्ष मतदान लांबणीवरच पडत आलं. लिंगडोह समितीने 2006 मध्ये विद्यार्थी निवडणुकांसाठी सुचवलेले नियम मात्र वाचून ठेवा: उमेदवाराची 75 टक्के हजेरी, खर्च जास्तीत जास्त 5,000 रुपये, छापील पोस्टरला बंदी आणि पदाधिकारी होण्याची संधी एकदाच. म्हणजे तिथेही माणूस वर्षभराचाच पाहुणा.

तर खाली गेलात की कोणत्याही टेबलावर 'तुम्ही काय काय करता' हे विचारू नका, त्याचं उत्तर पाठ केलेलं असतं. मागच्या वर्षीची वही मागा. कार्यक्रमाला किती पैसे आले, कशावर गेले, पावत्या कुठे आहेत, मंडपवाल्याचा नंबर, सभागृहाच्या परवानगीचा अर्ज कोणाच्या नावे करायचा. वही निघाली तर नाव नोंदवा. नाही निघाली आणि मंडळ तरीही आवडलं, तर पहिल्याच बैठकीत हिशेबाचं काम मागून घ्या. त्यासाठी स्पर्धा नसते, पहिल्या वर्षाच्या पोरालाही ते मिळतं. शंभर पानी वही स्टेशनरीत मिळेल, आणि तिचं व्हाउचर पहिल्याच पानावर चिकटवा.