अंगठ्याखालचं बटण, अंगठ्याखालची काच

[दृश्य: अंधार. जुन्या मोबाईलच्या बटणांवरून फिरणारा अंगठा, अगदी जवळून.]

हा अंगठा अजून काहीच टाइप करत नाहीये. तो चाचपतोय. ५ च्या बटणावर एक बारीक उंचवटा आहे. तो हाताला लागला की बाकीची बटणं आपोआप सापडतात: वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. एवढी चाचपणी झाली, तरी फोनला त्यातलं काही कळलेलं नाही, कारण बटणाला हात लावणं वेगळं आणि बटण दाबणं वेगळं.

[दृश्य: तोच अंगठा काचेवर. टेकल्याबरोबर अक्षराचा फुगा वर येतो.]

काचेवर या दोन गोष्टी एक होतात. हात लागला की दाबलं गेलं. बटणं बरी की टचस्क्रीन, या जुन्या वादातले वेग, चुका, ऑटोकरेक्ट हे सगळे मुद्दे घेऊन मागे मागे गेलं, की आपण इथेच येऊन पोहोचतो.

[दृश्य: टेबलावर उघडलेला फोन. चिमट्याने बटणांची पट्टी उचलली जाते.]

आधी बटणाच्या आत पाहू. वरची प्लास्टिकची टोपी, तिच्या पोटाला एक छोटीशी दांडी, आणि दांडीखाली पातळ पोलादी पत्र्याचा घुमट, उपड्या वाटीसारखा, चार-पाच मिलिमीटर व्यासाचा. घुमटाची कड सर्किट बोर्डावरच्या धातूच्या कड्यावर टेकलेली असते. कड्याच्या मधोमध एक सुटा ठिपका असतो. अंगठ्याने साधारण १५० ते २०० ग्रॅम वजनाइतका जोर दिला की घुमट एकदम आत बसतो, ठिपक्याला टेकतो आणि कडं नि ठिपका जोडले जातात. सर्किट पूर्ण.

ही हालचाल पाव मिलिमीटरच्या आसपास असते. तरी ती स्पष्ट जाणवते, कारण आधी जोर वाढत जातो आणि घुमट बसताच बोटाखालचा विरोध एकाएकी कमी होतो. आपण जी ‘टक्’ म्हणतो ती हीच. अक्षर लागलं हे स्क्रीनकडे बघायच्या आधी बोटाला कळलेलं असतं.

पत्रा टेकताना काही मिलिसेकंद थरथरतो. ते थरथरणं फोनने जसंच्या तसं मोजलं तर एका दाबाचे चार दाब होतील. म्हणून सॉफ्टवेअर पहिला स्पर्श मिळाल्यावर ५ ते २० मिलिसेकंद थांबतं आणि मगच बटण दाबलं असं धरतं. जुन्या फोनमध्ये एकदा दाबून अक्षर दोनदा उमटू लागलं, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं: संपर्काच्या जागी मळ किंवा गंज बसलेला असतो आणि थरथर त्या ठरवलेल्या वेळेपेक्षा लांबते.

आता मापं बघा. फोन ६५ मिलिमीटर रुंद आणि एका ओळीत १० बटणं. प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा मिलिमीटर. अंगठ्याचा जो भाग पृष्ठभागावर टेकतो, तोच याहून मोठा असतो. मग शेजारची बटणं का दाबली जात नाहीत?

[दृश्य: बटणांच्या ओळीचा आडवा छेद. टोप्यांचे उतार दिसतात.]

उत्तर टोपीच्या आकारात आहे. चांगल्या कीबोर्डवर टोप्या सपाट नसतात. त्यांना कड किंवा उतार दिलेला असतो, आणि डाव्या-उजव्या अर्ध्या भागांत तो त्या त्या अंगठ्याच्या दिशेने वळवलेला असतो. अंगठा तीन टोप्यांना टेकतो, पण खरा जोर एकाच कडेवर येतो, आणि बाकी दोन घुमट बसण्याइतका जोर त्यांना मिळत नाही. पाव मिलिमीटर हालणाऱ्या वस्तूवर इतका विचार झालेला आहे. सपाट टोप्यांचे मोबाईल कीबोर्डही निघाले. दिसायला सुबक होते, पण बोटाला दोन बटणांमधली सीमाच सापडत नसे. तो बटणांचा दोष नव्हता, टोपीच्या घडणीचा होता.

कोणता शब्द लिहायचा आहे याचा अंदाज बांधायची सुरुवात काचेने केली असं वाटतं, पण ती झाली बटणांवरच. १२ बटणांच्या कीपॅडवर एका बटणावर तीन-चार अक्षरं असायची आणि तिसरं अक्षर हवं तर तीनदा दाबावं लागायचं. टी-नाइन पद्धतीने अक्षरामागे एकच दाब घेतला आणि शब्द शब्दकोशातून शोधला. ४६६३ दाबलं की इंग्रजीतले ‘गुड’, ‘होम’ आणि ‘गॉन’ तिन्ही जुळतात. त्यातला जास्त वापरातला आधी यायचा, दुसरा हवा असेल तर पुढच्या शब्दावर जायचं. यंत्राने सुचवायचं आणि माणसाने निवडायचं, ही सवय हाताला तेव्हापासून आहे.

[दृश्य: काचेचा थर अलग होतो. खाली आडव्या-उभ्या पारदर्शक रेषांची जाळी.]

आता काच. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक, वीजवाहक पदार्थाची जाळी असते. आडव्या आणि उभ्या रेषा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे थोडा विद्युतभार साठतो. बोट जवळ आलं की त्यातला काही भाग बोट ओढून घेतं. भार साठवण्याच्या क्षमतेतला हा फरक एका पिकोफॅरडपेक्षाही (या क्षमतेचं अगदी लहान माप) कमी असतो, आणि तेवढ्यावर स्पर्श ओळखायचा असतो. दोन रेषांमधलं अंतर चार-पाच मिलिमीटर. तरी फोनला बोटाची जागा मिलिमीटरपेक्षा बारीक कळते, कारण बोट एकाच वेळी अनेक छेदबिंदूंवर पसरतं. कुठे किती फरक पडला ते मोजून फोन त्या सगळ्याचा मध्य काढतो.

तो मध्य म्हणजे आपल्याला हवी असलेली जागा, असं मात्र नाही. आपण नखाच्या टोकाशी डोळा लावून नेम धरतो आणि टेकतो बोटाचा फुगीर भाग. त्यामुळे स्पर्श बहुधा नेम धरलेल्या जागेच्या थोडा खाली पडतो. हे माहीत असल्यामुळे सॉफ्टवेअर मोजलेला बिंदू मुद्दाम वर सरकवतं. फोन उलटा धरून टाइप केलं की चुका का वाढतात, याचं एक कारण इथे सापडतं.

२००७ च्या आयफोनने यावर आणखी एक उपाय केला. पडद्यावर बटणं तेवढीच दिसत राहिली, पण पुढे कोणतं अक्षर येण्याचा संभव जास्त आहे ते पाहून त्या अक्षराचं स्पर्शक्षेत्र आतल्या आत मोठं केलं आणि शेजारच्यांचं लहान. डोळ्यांना काही बदललेलं दिसत नाही. शिवाय अक्षर उमटायचं ते बोट टेकताना नाही, उचलताना. चुकीच्या अक्षरावर बोट पडलं तर न उचलता सरकवा आणि बरोबर अक्षरावर उचला. हे आजही करता येतं, आणि फार कमी लोक करतात.

त्या काळात काचेवर सगळ्यांचा भरवसा नव्हता. २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला, टी-मोबाईल जी-वनला, पडद्यावरचा कीबोर्डच नव्हता. दोन शब्द लिहायचे तरी पडदा सरकवून खालची बटणं उघडावी लागत. काचेवरचा कीबोर्ड अँड्रॉइड १.५ सोबत २००९ मध्ये मिळाला.

[दृश्य: ब्लॅकबेरी स्टॉर्म. अंगठा दाबतो, संपूर्ण काच किंचित खाली जाते.]

आणि २००८ मधलाच हा ब्लॅकबेरी स्टॉर्म. या फोनने नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. काचेला हात लावा, अक्षर नुसतं उजळतं. दाबा, तेव्हा उमटतं. हात लावणं आणि दाबणं पुन्हा वेगळं केलं होतं. कल्पना अगदी योग्य होती. पण सगळ्या काचेखाली मिळून बटण एकच. एका अंगठ्याने दाबलेली काच वर आल्याशिवाय दुसऱ्या अंगठ्याला दाबता येत नसे. दोन अंगठ्यांनी वेगाने लिहिताना एकाचा दाब सुटायच्या आत दुसऱ्याचा सुरू झालेला असतो, आणि तिथेच हा फोन अडला.

[दृश्य: दोन अंगठे, वेगात. पडद्यावर सेकंदांची पट्टी.]

वेगाचं काय? २०१९ मध्ये फिनलंडमधलं आल्टो विद्यापीठ, केंब्रिज विद्यापीठ आणि झुरिकचं ईटीएच हे तंत्रविद्यापीठ इथल्या संशोधकांनी ३७,००० स्वयंसेवकांचं मोबाईलवरचं टायपिंग मोजलं. सरासरी निघाली मिनिटाला सुमारे ३६ इंग्रजी शब्द. आधीच्या अशाच अभ्यासात संगणकाच्या कीबोर्डची सरासरी ५२ आली होती. छोट्या बटणांच्या कीबोर्डची एक जुनी चाचणी आहे, २००५ ची, अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकची. त्यात २० मिनिटांची २० सत्रं केल्यावर लोक मिनिटाला सुमारे ६० शब्दांपर्यंत गेले होते. हे आकडे शेजारी ठेवून कुणाला विजयी ठरवू नये. एकीकडे ठरवून सराव केलेली थोडी माणसं आहेत, दुसरीकडे हजारो लोकांचं रोजचं टायपिंग.

२०१९ च्या अभ्यासातली खरी कामाची गोष्ट वेगळी आहे. ऑटोकरेक्ट वापरणारे जास्त वेगाने लिहीत होते, आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीतून सुचवलेले शब्द निवडणारे हळू. सुचवलेला शब्द वाचायचा, हवा तोच आहे का ठरवायचं आणि मग टिचकी मारायची, यात जाणारा वेळ वाचलेल्या अक्षरांपेक्षा जास्त होतो. वेग हवा असेल तर ऑटोकरेक्ट चालू ठेवा आणि त्या पट्टीकडे बघणं सोडा. लांबलचक शब्दांची गोष्ट वेगळी, तिथे पट्टी उपयोगी पडते.

कंपनाने ‘टक्’ परत मिळेल का? थोडीफार. स्वस्त फोनांत असमतोल वजन फिरवणारी छोटी मोटर असते. ती वेग धरायलाच ५० मिलिसेकंद किंवा जास्त घेते आणि थांबायलाही वेळ घेते. मिनिटाला ६० शब्दांच्या वेगाला एका अक्षरामागे २०० मिलिसेकंद मिळतात, त्यात हे कंपन पुढच्या अक्षरात मिसळतं. अशा फोनवर कीबोर्डचं कंपन बंद करणंच बरं. सरळ रेषेत हलणारा कंपक असेल तर टिचकी नेटकी आणि आखूड बसते. पण तीही येते अक्षर लागल्यानंतर, आणि हादरतो सगळा फोन. ‘तू आता बटणाच्या कडेवर आहेस’ हे ती आधी सांगू शकत नाही.

[दृश्य: काळा पडदा. फक्त अक्षरांची नावं ऐकू येतात.]

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी काच निरुपयोगी ठरेल असं वाटलं होतं. २००९ मध्ये आयफोन थ्री-जीएसवर व्हॉइसओव्हर आलं. त्यात काचेवर बोट फिरवलं की खाली काय आहे ते फोन बोलतो. निवडायचं असेल तर दोनदा टिचकी. म्हणजे शोधणं आणि दाबणं पुन्हा वेगळं झालं, फक्त बोटाच्या जागी कान आला. वेग कमी होतो हे खरं, पण वाट उघडली ती यामुळे.

[दृश्य: देवनागरी कीबोर्ड. ‘क’वर बोट टेकतं.]

देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत मात्र काच उघडउघड सरस आहे. छापलेलं बटण बदलत नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि ‘क’च्याच बटणावर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’च्या बटणावर ‘घ’. मोठ्या कीबोर्डवर ही रचना हाताला छान बसते. साडेसहा मिलिमीटरच्या टोपीवर आधीच इंग्रजी अक्षर, आकडा आणि चिन्ह असताना देवनागरी छापायला जागाच उरत नाही. काचेवर मांडणी अक्षरागणिक बदलता येते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात घडलेल्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डवर व्यंजनाला हात लावला की त्याच्याभोवती चक्रात का, कि, की, कु अशी रूपं उभी राहतात. हव्या त्या रूपाकडे बोट सरकवायचं आणि उचलायचं. बाराखडी पाठ असलेल्या हाताला हे फार चटकन जमतं.

[दृश्य: फोनच्या पडद्यावर रेषा उमटते, मध्ये तुटते.]

काच अडू लागली तर दुकान गाठण्याआधी स्वतः तपासा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, तिथे ‘बिल्ड नंबर’वर सात टिचक्या. मग ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ दिसू लागतात, त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा. आता कीबोर्डच्या भागात बोटाने सावकाश आडव्या रेषा ओढा, एकमेकींपासून अर्ध्या सेंटिमीटरवर. रेषा प्रत्येक वेळी त्याच जागी तुटत असेल तर तिथली जाळी किंवा तिची जोडणी गेली आहे, सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही. चार्जर लावल्यावरच रेषा उड्या मारत असेल तर दोष बहुधा चार्जरचा, त्यातला विद्युत गोंगाट स्पर्शाच्या त्या इवल्याशा फरकाला झाकून टाकतो. सगळीकडेच स्पर्श अशक्त वाटत असेल तर जाड संरक्षक काच काढून पाहा. काही फोनांत स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असते. ओल्या काचेवर मात्र काही चालत नाही. पाण्याचा थेंब विद्युतभार बोटासारखाच हलवतो, म्हणून आधी काच पुसा.

बटण अडकत असेल तर फोन बंद करून, शक्य असल्यास बॅटरी काढून, मऊ ब्रशने कडेची धूळ झाडा. मग ९० टक्के किंवा जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब कापसाच्या काडीवर घेऊन ती टोपीच्या कडेने फिरवा, बटण वीस-तीसदा दाबा आणि पूर्ण वाळल्यावरच फोन सुरू करा. पाणी किंवा तेल घालू नका. सरकणाऱ्या फोनांत बऱ्याचदा बटणं ठीक असतात आणि दोन अर्ध्या भागांना जोडणारी लवचीक पट्टी घड्या पडून तुटलेली असते. फोन अर्धवट सरकवल्यावरच पडदा लखलखत असेल तर ती पट्टी बदलावी लागेल.

[दृश्य: गोदाम. हातमोजा घातलेला हात, मुठीत मावणारा स्कॅनर, खाली रबरी बटणं.]

२०२४ मध्ये ‘क्लिक्स’ नावाचं बटणांचं कव्हर आयफोनसाठी आलं. ते लावलं की कीबोर्ड पडद्यावरून उतरतो आणि पडदा पूर्ण मोकळा राहतो, पण फोन लांब होतो आणि त्याचा तोल खाली झुकतो. गोदामातल्या स्कॅनरवर मात्र बटणं अजूनही आहेत. हात मोज्यात आहे, नजर वरच्या फळीवरच्या खोक्यावर आहे. अंगठा ५ वरचा उंचवटा शोधतो, तिथून दोन बटणं खाली उतरतो आणि ० दाबतो.