आवाज छापायचा कसा?

(दृश्य: अंधार. जाड, गुळगुळीत पान उलटल्याचा आवाज. मग हळूहळू उजेड.)

हा आवाज ऐकलात? या पुस्तिकेतून निघणारा हा एवढा एकच आवाज. आत पानोपानी रेकॉर्ड प्लेयर आहेत, अ‍ॅम्प्लिफायर आहेत, स्पीकर आहेत. सगळे चिडीचूप.

कंपनी डेन्मार्कची, बँग अँड ओलुफसेन. काळ 1970चं दशक. पुस्तिका म्हणजे मालाचा कॅटलॉग, गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. ज्यांना यंत्र परवडलं त्यांनी ते घेतलं, वापरलं, कधीतरी मोडीत काढलं. पण यातले काही कॅटलॉग कपाटांच्या तळाशी टिकून राहिले आणि आज त्यांच्यासाठी पैसे मोजणारे शौकीन आहेत. जाहिरातीच्या कागदासाठी पैसे!

जुन्या आठवणी, दुसरं काय, असं कुणीही म्हणेल. मला ते पुरेसं वाटत नाही. ही यंत्रं दुकानात होती तेव्हा जन्मालाही न आलेली माणसं हे कागद जमवतात. त्यांना कसल्या आठवणी?

(दृश्य: पानावर भिंग सरकतं.)

जरा जवळून बघू. हे चंदेरी अ‍ॅल्युमिनियम. बोट लावलं तर गार लागेल असं वाटतं ना? भिंगाखाली मात्र चंदेरी काहीच नाही. निळसर, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके, बस्स. चार शायांचा खेळ. भिंग बाजूला करा, की ठिपके पुन्हा एकमेकांत मिसळतात आणि धातू परत येतो.

आणि असा फोटो काढणं सोपं नसतं बरं का. चकचकीत धातूला स्वतःचा असा रंग फारसा नसतोच. समोर जे असेल ते तो दाखवतो. कॅमेरा, दिवे, छायाचित्रकाराचं नाक, सगळंच. म्हणून आधी यंत्राभोवती पांढऱ्या पडद्यांची खोली उभी करायची, बाहेरून उजेड सोडायचा, आणि मग धातूला त्या पडद्यांचंच प्रतिबिंब दाखवायला लावायचं. यंत्राच्या कडेवरून गेलेली ही एक बारीक पांढरी रेघ म्हणजे तोच पडदा. एवढी खटपट एका रेघेसाठी. पण ती रेघ काढून टाका, यंत्राचा पत्र्याचा डबा होईल.

कॅटलॉगवाल्यांची अडचण अशी, की विकायचा आवाज आणि तो तर छापता येत नाही. मग छापायचं काय? या कंपनीनं स्पर्श छापला.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं, झपाझप.)

थोडा इतिहास, भरभर. 1925 साली पीटर बँग आणि स्वेंड ओलुफसेन या दोन तरुण इंजिनियरांनी स्ट्रुअर गावाजवळ कंपनी काढली. जागा कुठली, तर ओलुफसेनच्या घरच्या क्विस्ट्रप वाड्याचा माळा. पहिलं नाव झालं ते बॅटरीशिवाय, घरातल्या विजेवर रेडिओ चालवणाऱ्या उपकरणामुळे. जानेवारी 1945 मध्ये नाझींच्या बाजूच्या घातपात्यांनी कारखाना उडवला; तो पुन्हा उभा राहिला. आपल्या गोष्टीतलं महत्त्वाचं माणूस येतं ते 1960च्या दशकात. डिझायनर जेकब जेन्सेन.

(दृश्य: बिओलॅब 5000चं पान.)

1967चा हा त्याचा अ‍ॅम्प्लिफायर. गोल बटणं जवळजवळ गायब. त्यांच्या जागी आडव्या सरकपट्ट्या, त्या काळी इंजिनियरांच्या खिशात आकडेमोडीसाठी असायच्या त्या स्लाइड रूलसारख्या. आवाज किती मोठा आहे हे ऐकायच्या आधी दिसतं: पट्टी डावीकडे म्हणजे कमी, उजवीकडे म्हणजे जास्त. आता हे कागदावर आणून बघा. गोल बटणाचा फोटो मुका असतो, ते किती फिरवलंय ते चटकन कळत नाही. सरकपट्टीचा फोटो बोलतो.

हे योगायोगानं झालेलं नाही. कंपनीनं आपल्या कामासाठी सात तत्त्वं लिहून काढली होती, त्यातल्या एकाचं नाव ऑटोव्हिज्युअलिटी. शब्द अवघड आहे, अर्थ साधा: वस्तूकडे बघताच ती कशी चालवायची ते समजलं पाहिजे. हे तत्त्व यंत्रासाठी होतं, पण माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो कॅटलॉगला. यंत्रच स्वतःची माहिती सांगत असेल, तर शेजारी मजकूर कशाला? म्हणून ही पानं इतकी मोकळी. अर्धं पान कोरं सोडण्याची हिंमत इथून येते.

(दृश्य: बिओग्राम 4000. कॅमेरा वरून खाली येतो.)

आणि हे पान. इथे आपण जरा थांबू.

1972, बिओग्राम 4000. नेहमीच्या रेकॉर्ड प्लेयरचा हात एका टोकाला खिळलेला असतो, त्यामुळे तो रेकॉर्डवरून कमानीत फिरतो. पण रेकॉर्ड कापणारं यंत्र सुई सरळ रेषेत नेतं, कडेकडून मध्याकडे. कापणारा सरळ, वाचणारा वाकडा. थोडा कोन चुकतोच. बिओग्राममध्ये हात सरळ रेषेतच सरकतो. फोटोतही तो तसाच, ज्या रेषेत सरकतो तिला काटकोनात.

नीट बघा, हात दोन आहेत. एकावर सुई आहे. दुसऱ्यावर काहीच दिसत नाही, कारण त्याचं काम डोळ्याचं. त्यात एक छोटा दिवा आणि प्रकाश टिपणारा सेल आहे. खालच्या फिरत्या थाळीवर मध्यापासून कडेपर्यंत काळ्या पट्ट्या आहेत. थाळी रिकामी असेल तर त्या पट्ट्यांमुळे परतणारा उजेड लुकलुकतो. यंत्र ओळखतं की इथे रेकॉर्ड नाही, आणि सुई खाली टेकवतच नाही. रेकॉर्ड असेल तर उजेड लुकलुकत नाही. मोठी रेकॉर्ड सापडली तर वेग मिनिटाला 33 फेरे, लहान सापडली तर 45, हेही तेच ठरवतं.

या पानावर हे सगळं समजावत बसलेले नाहीत. दोन समांतर हात, एक काळी रेकॉर्ड, बस्स. बघणाऱ्याच्या मनात आपोआप प्रश्न उभा राहतो: दुसरा हात कशाला? तो प्रश्न घेऊन माणूस दुकानात जायचा. विक्रेत्याचं निम्मं काम इथेच झालं.

(दृश्य: बैठकीच्या खोलीचं दोन पानी छायाचित्र.)

आता थोडी कागाळी. या खोलीत एक वस्तू नाही. शोधा.

वायरी! रेकॉर्ड प्लेयर आहे, रिसीव्हर आहे, दोन स्पीकर आहेत, आणि एकही वायर नाही. कंपनी पाच पिनांचे डिन (जर्मन मानकाचे) प्लग वापरायची, त्यामुळे वायरींचा गुंता इतरांपेक्षा कमी असायचा, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. फोटोतला हा स्पीकर कशावर चालतो ते फोटोवाल्यालाच ठाऊक.

किंमतही दिसत नाही. त्या काळातल्या बहुतेक कॅटलॉगांसारखाच इथेही दराचा कागद वेगळा असायचा. कारण व्यवहारी: किमती बदलतात, छापलेली पुस्तिका बदलत नाही. पण या कंपनीला ते शोभूनही दिसायचं. तिची जाहिरातच अशी होती, की आमचा माल त्यांच्यासाठी, जे किमतीआधी अभिरुची आणि दर्जा यांबद्दल बोलतात. दराचा सुटा कागद लवकर हरवायचा. पुस्तिका राहायची. आज हातात येतात त्या बहुतेक प्रती अशाच, बिनकिमतीच्या.

(दृश्य: शेवटची पानं. बारीक अक्षरांचे तक्ते.)

शेवटी तक्ते. वॅट, हर्ट्झ, मापं, वजन, आणि मधूनमधून डिन 45500 हा जर्मन मानकाचा आकडा, म्हणजे हाय-फाय म्हणवून घेण्याची किमान पात्रता. या कंपनीवर एक जुना आक्षेप आहे: दिसण्याचे पैसे घेतात, आवाजाचे नाही. वाद मिटलेला नाही, मीही मिटवणार नाही. पण चित्रं दोन पानं भरून आणि आकडे मुंगीएवढे, ही मांडणी करणाऱ्यानं आपला कल लपवलेला नाही, एवढं नक्की.

हे तक्ते आज सगळ्यात जास्त वाचले जातात, आणि वाचणारे असतात जुनी यंत्रं दुरुस्त करणारे. मूळ चौकट कुठल्या लाकडाची होती? सागवान, ओक की रोजवूड? तेव्हा हे पर्याय सहज, एका ओळीत छापलेले. ब्राझिलियन रोजवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून कडक बंधनं आली. ती एक ओळ आता वेगळ्याच अर्थानं वाचावी लागते.

1978 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं जेन्सेनच्या या कामाचं प्रदर्शन भरवलं. 2020 मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, कंपनीनं बिओग्राम 4000 मालिकेतली जुनी यंत्रं परत मिळवली, खोलून नव्यानं बांधली आणि विकायला काढली. नेमकी 95.

(दृश्य: टेबलावर कॅटलॉगचं तेच पान उघडं. शेजारी खरा बिओग्राम.)

आम्ही एक मिळवला. फोटोशेजारी ठेवला. रेकॉर्ड मुद्दामच ठेवलेली नाही.

(दृश्य: बोट बटणावर टेकतं. थाळी फिरू लागते. दोन्ही हात सरळ रेषेत आत सरकतात. खालून काळ्या पट्ट्या जातात. हात मध्यापर्यंत जातात, आणि तसेच मागे येतात. थाळी थांबते.)

शोधलं. काही सापडलं नाही. परत जागेवर.

(दृश्य: पान मिटतं. तोच आवाज.)