दोन दात कमी

[रात्र. कॅमेरा ट्रॅपचं काळं-पांढरं चित्र. वारूळ. पहिली काही सेकंदं नुसता आवाज.]

हा आवाज अस्वलाच्या तोंडाचा आहे. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेलं हे टेकाड. वारुळासमोरच्या झाडाला कॅमेरा बांधला होता. अस्वल आलं, पण कॅमेऱ्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढचे पंजे बघा. वारुळाची माती ऊनपावसानं इतकी घट्ट झालेली असते की कुदळ मारली तर ठण्‌कन वाजते. अस्वलाची नखं सात-आठ सेंटिमीटर लांब, किंचित वाकलेली. वाघासारखी ती आत ओढून घेता येत नाहीत, कायम बाहेरच. चार ओरबाडे, आणि वारुळाला भगदाड पडलं. आता ते तोंड भोकाशी नेतं आणि आधी फुंकतं. ही धूळ उडाली ना, ती त्या फुंकरीनं. माती बाजूला झाली की मग ओढणं सुरू. वाळवी, तिची अंडी, पिल्लं, जे असेल ते सगळं आत. लोहाराचा भाता चालावा तसं हे चालतं, आणि शांत रात्री त्याचा आवाज १०० मीटरच्या पलीकडेही जातो.

[जवळचं दृश्य : तोंड, ओठ.]

ओठ लांब, लवचिक, जवळजवळ बिनकेसांचे. ते पुढे काढून भोकावर लावता येतात. नाकपुड्या मनाला येईल तेव्हा मिटता येतात, म्हणून धूळ आणि चावणारी वाळवी नाकात शिरत नाही. टाळू आतून खोलगट. जीभ लांब.

[कवटी, समोरून.]

आणि इथे, वरच्या जबड्यात अगदी मधोमध, दोन दात नाहीत. पडलेले नाहीत, मोडलेले नाहीत. मोठ्या अस्वलाला ते नसतातच. जगातल्या इतर अस्वलांना साधारण ४२ दात, आपल्या अस्वलाला ४०. या फटीतून वाळवी थेट घशाकडे जाते. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्रकृतिशास्त्रज्ञानं याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा लांब नखं आणि हे नसलेले दात पाहून त्यानं याला दक्षिण अमेरिकेतल्या झाडावर लटकणाऱ्या स्लॉथच्या गटात टाकलं. पुढे चूक लक्षात आली आणि अस्वल अस्वलांत परत आलं. इंग्रजी नावात मात्र, स्लॉथ बेअर, म्हणजे सुस्त अस्वल, स्लॉथ चिकटला तो चिकटलाच. चिडलेलं अस्वल पळताना पाहिलंय त्याला विचारा, हे किती सुस्त असतं ते.

[दिवस. पाणवठा. अस्वल पाठमोरं, मग वळतं. छातीवरची पांढरी खूण.]

केस लांब, काळे, विस्कटलेले. थंड प्रदेशातल्या अस्वलांना असते तशी आतली मऊ लव याला नाही. नागझिऱ्याच्या मे महिन्यात तिचा उपयोग तरी काय? आपल्या मागच्या पिढ्यांनी अस्वल पाहिलं ते दरवेशाच्या दोरीला. नाकात भोक पाडून नाचवलेलं. तो खेळ देशात साधारण २००९ पर्यंत चालला, वन्यजीव संरक्षणाचा कायदा मात्र १९७२ चा.

[पायवाटेवरची विष्ठा. काडीनं बिया वेगळ्या करणारा हात.]

या बहाव्याच्या बिया. ही टेंभरं. ही बोरं. आता आठवा ते दात, ती नखं, आणि हे खाणं : अस्वल मांसाहारी कुळातलं, पण पोट भरतं उधई, मुंग्या, मध आणि फळांवर. बहाव्याची टणक शेंग फोडून आतला काळा गर ते खातं, आणि बिया अशा कुठल्या कुठे नेऊन टाकतं. जंगलात झाडं लावण्याच्या कार्यक्रमाचा फलक त्याच्या नावानं कुणी लावलेला नाही, एवढंच.

[पहाट. मोहाचं झाड. फुलं पडताना.]

मार्च-एप्रिल. मोह गळतो तो पहाटे. मोहफूल गोड आणि रसदार असतं. हरणं येतात, रानडुकरं येतात, अस्वल तर येतंच. मोह खाऊन झिंगलेल्या अस्वलाच्या गोष्टी गावोगाव ऐकल्या. आमच्या चित्रीकरणात सगळी अस्वलं शुद्धीवर होती.

[निवेदन थांबतं. पिल्लं पाठीवर घेऊन मादी नाला ओलांडते. पूर्ण दृश्य जाऊ द्यावं.]

थंडीत कपारीत जन्मलेली ही पिल्लं दोन-तीन महिन्यांची झाली की आईच्या पाठीवर बसून बाहेर पडतात. तिचे लांब केस त्यांनी मुठीत धरलेत. पिल्लांना अशी नेमानं पाठीवर वाहणारं अस्वल जगात हेच. इतर ठिकाणी अस्वलाची मादी धोका दिसला की पिल्लांना झाडावर चढवते. इथे झाडावर बिबट्याही चढतो. आणि खाली वाघ.

[ताडोबा, २०१८. पर्यटकांच्या मोबाइलमधलं दृश्य.]

हा मटकासुर, ताडोब्यातला दांडगा नर वाघ. समोर पिल्लू असलेली मादी. ती पळत नाही. दोन पायांवर उभी राहते, ओरडते, अंगावर जाते. वाघाच्या जबड्यात सापडूनही तिनं झुंज सोडली नाही. वाघापेक्षा ती जोरात धावू शकत नाही, पिल्लू टाकून जाणार नाही, तेव्हा राहतो एकच उपाय. वाळवीनं या जनावराचं तोंड घडवलं, तसा स्वभाव वाघानं घडवला.

[मोह वेचणाऱ्या बाया, टोपल्या.]

गावात म्हणतात, वाघ रस्ता सोडते, अस्वल नाही सोडत. त्याची नजर अधू, कानही फार तिखट नाहीत, वारुळात तोंड घातलेलं असलं तर नाकही कामात. माणूस चार हातांवर आला की कळतं, आणि मग ते वाघाशी वागतं तसंच माणसाशी वागतं. दर हंगामात माणसं जखमी होतात, बहुतेक तोंडावर आणि डोक्यावर, काही दगावतात. म्हणून मोहाला जाणारे आता एकटे निघत नाहीत, उजाडू देतात, वाटेनं मोठ्यानं बोलत जातात. या बायांमधल्या एकीनं मोबाइलवर गाणी लावलीत, ती त्याचसाठी. लांबून चाहूल लागली तर अस्वल बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतं.